३२२ प्रश्नावल्या आणि न विचारलेली माणसं

लघुप्रबंधाची मुदत तीन महिन्यांवर आली होती. माझी विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली तेव्हा तिच्या हातात दोन कापडी पिशव्या होत्या. पिशव्यांत भरलेल्या प्रश्नावल्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे, प्रत्येकाला रबर बँड. एकूण ३२२. विषय होता 'महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या सेवांबाबत वाचकांचे समाधान'. "मॅडम, डेटा झाला. आता फक्त टेबलं करायची," ती म्हणाली. आराखड्यावर मार्गदर्शक म्हणून सही माझी होती, हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे चुकलेलं दिसेल त्यात माझाही वाटा आहे.

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धतींचा पेपर असतो. त्यात नमुना निवड, प्रश्नावली, विश्वसनीयता, काय-वर्ग (कायस्क्वेअर) चाचणी असं सगळं असतं आणि मुलं ते पाठ करून गुणही मिळवतात. पण पद्धत खऱ्या अर्थाने शिकली जाते ती स्वतःच्या डेटासमोर बसल्यावर. या विद्यार्थिनीच्या बाबतीत ते कसं घडलं ते सविस्तर लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि हिशेब समजायला सोपा जावा म्हणून काही आकडे गोल केले आहेत.

३२२ कुठून आले

महाविद्यालयात साधारण २००० विद्यार्थी. क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेला नमुन्याच्या आकाराचा तक्ता आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांना माहीत असतो. समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा तो पूर्ण गट, २००० असेल तर नमुना ३२२, असं तो सांगतो. तिने तक्ता उघडला, आकडा घेतला आणि कामाला लागली. आठवडाभर, सहाही दिवस, ती देवघेव काउंटरशेजारी खुर्ची टाकून बसली. जो येईल त्याच्या हातात प्रश्नावली, आणि ३२२ झाल्या की काम संपलं.

तक्ता चुकीचा नाही. पण तो एका अटीवर उभा आहे: समष्टीतल्या प्रत्येकाला नमुन्यात येण्याची समान संधी असली पाहिजे. ती संधी असेल तरच ३२२ जणांवरून २००० जणांबद्दल, पाच टक्के इकडे-तिकडे धरून, काही म्हणता येतं. काउंटरशेजारी बसून गोळा केलेल्या प्रश्नावल्यांत ही अट पहिल्याच दिवशी मोडली होती. मग त्या ३२२ असोत की १३२२, फरक पडत नाही. आकडा तक्त्यातून आला की नमुनाही शास्त्रशुद्ध झाला, हा गैरसमज मी इतक्या लघुप्रबंधांत पाहिला आहे की आता तक्त्याआधी मी अट लिहून घेते.

तिला हे लगेच पटलं नाही. "पण मॅडम, मी कुणाला निवडलं नाही. जो आला त्याला दिली. म्हणजे यादृच्छिकच, रँडमच, झालं ना?" प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं होतं. मी फळ्यावर एक कल्पित ग्रंथालय मांडलं. २००० विद्यार्थी. ३०० रोज येतात, ७०० आठवड्यातून एकदा येतात, उरलेले १००० येतच नाहीत. आता आठवडाभर दारात उभी राहा. रोज येणाऱ्यांच्या भेटी ३०० गुणिले ६, म्हणजे १८००. आठवड्यातून एकदा येणाऱ्यांच्या ७००. एकूण २५०० भेटी, त्यांतल्या ७२ टक्के रोज येणाऱ्यांच्या. महाविद्यालयात या लोकांचं प्रमाण १५ टक्के, दारातून जाणाऱ्या गर्दीत ७२ टक्के. एकाला एकच प्रश्नावली दिली तरी झुकाव पूर्ण जात नाही, कारण जो रोज येतो तो तुझ्यासमोर येणार हे जवळपास ठरलेलं असतं. आणि १००० जणांना संधी शून्य.

ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ज्यांना ग्रंथालय आवडतं त्यांनाच मी विचारलं, आवडतं का म्हणून."

संशोधन पद्धतींच्या वर्गात या चुकीसाठी जुनं उदाहरण देतात. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन हे उमेदवार जिंकणार असं जाहीर केलं. त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि आलेली उत्तरं ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं त्यांची होती. हे उदाहरण तिने परीक्षेत लिहिलंही होतं. आपल्या पिशव्यांत तेच भरलं आहे, हे मात्र तोवर दिसलं नव्हतं.

प्रश्नावलीत काय होतं

यावर फार वेळ घालवत नाही, पण एक प्रश्न जसाच्या तसा देते: 'ग्रंथालयातील पुस्तके व कर्मचाऱ्यांची सेवा पुरेशी आणि उपयुक्त आहे.' पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत, पाच पर्याय. पुस्तकं जुनी, पण कर्मचारी मदत करणारे, असं वाटणाऱ्याने कुठे खूण करायची? एका वाक्यात चार प्रश्न होते. असे वीस प्रश्न. सरासरी पाचपैकी ४.१. क्रॉनबॅकचा अल्फा ०.९१ आला आणि तिला आनंद झाला होता. १९५१ पासून वापरात असलेलं हे माप प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगतं. आपल्याला जे मोजायचं होतं तेच मोजलं का, हे सांगत नाही. एकच प्रश्न शब्द बदलून वीसदा विचारला तरी अल्फा उत्तम येईल.

प्रश्न बदलला

पिशव्या बाजूला ठेवून मी तिला विचारलं, "या अभ्यासातून ग्रंथपालांना उद्या सकाळी कोणता निर्णय घेता यावा असं तुला वाटतं?" उत्तर आलं नाही. मग ती ग्रंथपालांना भेटून आली. त्यांची चिंता समाधानाची नव्हतीच. खरेदी केलेली पुस्तकं बाहेर जात नाहीत, आणि का ते कळत नाही, ही होती. म्हणजे इतके दिवस ज्या माणसाच्या काउंटरशेजारी ती बसली होती, त्याला काय जाणून घ्यायचं आहे हेच विचारायचं राहून गेलं होतं.

न जाणाऱ्या पुस्तकांचा प्रश्न जुना आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हेच सांगतं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत आवर्जून वाचावा असा आहे. १९६९ मध्ये दाखल झालेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत एकदाही दिली गेली नव्हती. त्या अभ्यासावर वाद झाला, तो आकड्यापेक्षा 'वापर' कशाला म्हणायचं यावर. तो वाद आमच्याही कामात पुढे आलाच.

तिने दाखलनोंदवहीतून, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या क्रमवार नोंदीतून, नमुना काढायचं ठरवलं. पहिला प्रयत्न असा होता की गेल्या पाच वर्षांतली सगळी पुस्तकं घ्यायची आणि कितींची देवघेव शून्य आहे ते पाहायचं. मी थांबवलं. मागच्या महिन्यात आलेल्या पुस्तकाला बाहेर जायला एक महिना मिळाला, पाच वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला साठ महिने. दोघांची शून्यं सारखी कशी? पिट्सबर्गवाल्यांनी एकाच वर्षीची पुस्तकं घेऊन सगळ्यांना सारखाच काळ दिला होता, तो यासाठीच. मग तिने नियम केला: किमान तीन वर्षांपूर्वी दाखल झालेली पुस्तकंच घ्यायची आणि प्रत्येकाची दाखल झाल्यापासूनची पहिली तीन वर्षंच मोजायची. संदर्भग्रंथ वगळले, कारण ते मुळातच घरी जात नाहीत. उरलेल्या सुमारे ५००० दाखल क्रमांकांतून संगणकाने यादृच्छिक ४०० निवडले.

आणखी एक गोष्ट इथेच ठरवावी लागली. देवघेवीच्या नोंदीत वाचकाचं नाव असतं. कोण काय वाचतं ही माहिती ग्रंथपालाने गुप्त ठेवायची, हे तत्त्व अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेतही आहे. विद्यार्थी आपलाच आहे, काम अभ्यासाचंच आहे, या सबबी तिथे चालत नाहीत. ग्रंथपालांनी सदस्य क्रमांकाचा स्तंभ काढून मगच फाइल दिली. दाखल क्रमांक आणि दिल्याची तारीख, एवढंच. तिला तेवढंच पुरेसं होतं.

४०० पैकी १७८ पुस्तकं तीन वर्षांत एकदाही बाहेर गेली नव्हती. ४४.५ टक्के. आणि इथे तो पाच टक्के इकडे-तिकडेचा हिशेब हक्काने वापरता आला, कारण प्रत्येक पुस्तकाला निवडलं जाण्याची संधी सारखी होती: ५००० पुस्तकांत हे प्रमाण साधारण ४० ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान असावं. सूत्र तेच, मागच्या वेळी पोकळ होतं आणि या वेळी भरीव, हे तिने स्वतः वहीत लिहिलं तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

त्या १७८ पैकी काही पुस्तकं कपाटातून काढून ती माझ्याकडे घेऊन आली. शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी कोरी. पानांच्या कडा अजून एकमेकांना चिकटलेल्या, उघडताना करकर वाजणाऱ्या. "मुलं वाचतच नाहीत, मॅडम," ती म्हणाली. त्याच वेळी मी एक पुस्तक उचललं. चिठ्ठी कोरीच होती. पण तिसऱ्या प्रकरणाच्या पानांचे कोपरे मऊ पडले होते, दोन ठिकाणी शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, आणि मधे एक बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं होतं.

नोंद नसलेला वापर

देवघेवीची नोंद उसनं नेणं दाखवते. वाचणं दाखवत नाही. म्हणून तिने दोन आठवडे वाचनकक्षात मोजणी केली: 'पुस्तक वाचून झाल्यावर टेबलावरच ठेवा' अशा पाट्या, आणि दिवसातून तीन वेळा टेबलांवरच्या पुस्तकांचे दाखल क्रमांक टिपून मगच ती कपाटात परत. काहीजण सवयीने पुस्तक जागेवर लावतात, त्यामुळे ही मोजणी नेहमी कमीच भरते. तरी शून्य देवघेवीच्या १७८ पैकी २१ पुस्तकं त्या दोन आठवड्यांत टेबलावर सापडली.

उरलेल्यांचं काय? इथे आकडे संपतात आणि माणसांकडे जावं लागतं. पण कोणत्या माणसांकडे? या वेळी तिने स्वतःच सांगितलं, "जे पुस्तक नेत नाहीत त्यांच्याकडे." त्यांची नावं आम्हाला मिळणं योग्य नव्हतं. मग ग्रंथपालांनी वर्षभरात एकही पुस्तक न नेलेल्या सदस्यांची यादी स्वतःपाशी ठेवली, त्यातून यादृच्छिक ४० जणांना स्वतः निरोप पाठवला आणि जे तयार झाले त्यांनीच तिच्याशी संपर्क साधला. चौदा जण आले. जे आले नाहीत ते २६, हा आकडाही लघुप्रबंधात छापला आहे.

मुलाखतीत 'तुम्ही समाधानी आहात का' विचारायचं नाही, हे ठरलं होतं. फ्लॅनॅगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या निर्णायक घटना तंत्राचा आधार घेतला. मतांपेक्षा घडलेल्या गोष्टीबद्दल विचारायचं. प्रश्न एकच: "अभ्यासासाठी शेवटची माहिती लागली होती तेव्हा काय काय केलंस, अगदी सुरुवातीपासून सांग." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं तिला प्रश्नावली तयार करण्यापेक्षा जड गेलं. पहिल्या दोन ध्वनिमुद्रणांत समोरचा थांबला की ही लगेच पर्याय पुरवते: "म्हणजे पुस्तक मिळालं नाही का?" आणि समोरचा म्हणतो, "हो, तसंच." ती दोन्ही मुद्रणं आम्ही एकत्र बसून ऐकली आणि ती उत्तरं विश्लेषणातून वगळली.

एक मुलगा म्हणाला, तो ग्रंथालयात रोज येतो. सकाळी आठ ते दोन. खिडकीजवळची जागा, कारण तिथे चार्जिंगचा पॉइंट आहे. स्वतःच्या नोट्स वाचतो. देवघेवीच्या नोंदीत तो शून्य, दारातल्या गर्दीत रोजचा. तिच्या ३२२ मध्ये तो होता का? होता. त्याने समाधानाला पाचपैकी पाच दिले होते, शांततेसाठी.

आणखी एक मुलाखत अख्ख्या अभ्यासाला वळण देऊन गेली. एका मुलीने सांगितलं, समाजशास्त्राचं एक मराठी पुस्तक हवं होतं. ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, ओपॅकमध्ये, तिने देवनागरीत नाव टाइप केलं. 'शून्य निकाल'. तिने फोन काढला, मैत्रिणीकडून पानांचे फोटो मागवले आणि निघून आली. विद्यार्थिनीने मुलाखत संपल्यावर कपाट पाहिलं. पुस्तकाच्या दोन प्रती जागेवर होत्या. तालिकेत नोंदही होती, पण रोमन लिपीत. त्याच विषयाची आणखी पुस्तकं काढून पाहिली तर 'समाजशास्त्र' हा शब्द तीन तऱ्हांनी नोंदलेला: एका नोंदीत जोडून, दुसरीत दोन शब्द तोडून, तिसरीत मधे एक जादा 'ए' घालून. वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी नोंदी केल्या होत्या.

ग्रंथपालांना सांगितलं तेव्हा ते खरोखर हळहळले. "काउंटरवर विचारलं असतं तर एका मिनिटात काढून दिलं असतं." ते खरंच होतं. कर्मचाऱ्यांना ही तिन्ही स्पेलिंगं पाठ होती, म्हणून काउंटरवर येणाऱ्याला पुस्तक मिळायचं आणि तो समाधानी व्हायचा. जो विचारायला बिचकायचा तो शून्य निकाल पाहून परत जायचा. ४.१ ची सरासरी खोटी नव्हती. ती काउंटरची सरासरी होती.

शोधांची नोंद

एका मुलीचा अनुभव म्हणजे निष्कर्ष नव्हे. असं किती वेळा घडतं? सुदैवाने तालिकेत काय शोधलं गेलं याची नोंद प्रणाली ठेवत होती, शोधणाऱ्याच्या नावाशिवाय. दोन आठवड्यांतल्या शून्य निकालाच्या शोधांतून तिने २०० निवडले आणि कारणांनुसार वर्ग पाडायला घेतले: लिपीचा फरक, स्पेलिंग, पुस्तक संग्रहात नसणं, शोधाचं क्षेत्र चुकणं (लेखकाच्या रकान्यात शीर्षक टाकणं वगैरे), इतर.

वर्ग पाडणारी एकटीच असेल तर तिचा समज हाच निकाल होतो. म्हणून वर्गातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने तेच २०० शोध स्वतंत्रपणे वर्गीकृत केले. १६० ठिकाणी दोघांचं जुळलं, म्हणजे ८० टक्के. पण डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी काही जुळल्याच असत्या. त्यांच्या वर्गांच्या प्रमाणावरून तो योगायोगाचा वाटा ३५ टक्के निघाला. कोहेन यांचा १९६० चा 'कप्पा' (kappa, जुळणीचं माप) हा वाटा वजा करतो: ०.८० वजा ०.३५, भागिले ०.६५, म्हणजे सुमारे ०.६९. ठीक, पण आम्हाला पुरेसा वाटला नाही. न जुळलेले ४० शोध घेऊन दोघं बसले. बहुतेक भांडण एकाच प्रकाराचं होतं: शोध देवनागरीत आहे आणि त्यात टायपिंगची चूकही आहे, मग कारण कोणतं धरायचं?

तिने काढलेला तोडगा मला फार आवडला. प्रत्येक शोध ती तालिकेत पुन्हा करून पाहू लागली. आधी फक्त चूक दुरुस्त करून, मग फक्त लिपी बदलून. ज्या एका बदलाने पुस्तक सापडतं, ते कारण. दोन्ही करावे लागले तर वेगळा वर्ग. वाद मताचा होता, तो तपासता येण्याजोगा झाला. नियम लिहून झाल्यावर नव्या ५० शोधांवर दोघांनी पुन्हा काम केलं, कप्पा ०.८५ च्या वर गेला, आणि मग सगळे २०० पुन्हा वर्गीकृत केले. लिपीमुळे हुकलेले शोध ९० निघाले. त्यांतल्या बहुतेक वेळी पुस्तक ग्रंथालयात होतं.

यावरून ९० माणसं परत गेली असं मात्र लिहिता येत नाही. एकच जण चिडून तोच शब्द पाच वेळा टाइप करतो आणि नोंदीत पाच ओळी येतात. नोंद शोधांची आहे, शोधणाऱ्यांची नाही. आणि जो तालिका न उघडता थेट फोनवर शोधतो, तो याही नोंदीत नाही.

तिच्या लघुप्रबंधात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक परिच्छेद आहे: या पद्धतीला कोण दिसत नाही. काउंटरला न येणारा दिसत नाही, देवघेवीला बसून वाचणारा दिसत नाही, टेबलमोजणीला पुस्तक जागेवर लावणारा दिसत नाही. ते ३२२ कागदही तिने फेकले नाहीत. 'काउंटरवर येणाऱ्या वाचकांचा अनुभव' अशा अरुंद शीर्षकाखाली त्यांना एक प्रकरण दिलं, एकापेक्षा जास्त प्रश्न कोंबलेली वाक्यं वगळून.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अपेक्षित प्रश्न विचारला. "चौदा मुलाखतींवरून दोन हजार विद्यार्थ्यांबद्दल कसं बोलता?" ती म्हणाली, "बोलत नाही, सर. अडचण कशी घडते ते मुलाखतींतून कळलं. किती वेळा घडते ते शोधांच्या नोंदीतून. किती जणांना येते, ते या अभ्यासातून कळत नाही." परीक्षकांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न वर्ग पाडण्याच्या नियमांवर विचारला.

ग्रंथालयाने नवीन प्रणाली घ्यायची गरज पडली नाही. ग्रंथालयीन नोंदींचा जो 'मार्क २१' (MARC 21) हा साचा आहे, त्यात मूळ लिपीतलं शीर्षक देण्यासाठी ८८० हे क्षेत्र आहेच, ते रिकामं राहिलं होतं. ग्रंथपालांनी मराठी पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत भरायला सुरुवात केली आहे, त्या १७८ पैकी मराठी असलेल्यांपासून. ते पूर्ण झालं की पुन्हा दोन आठवड्यांचे शून्य निकाल मोजायचे आहेत, त्याच वर्गांनी आणि त्याच नियमांनी. वर्ग पाडण्याच्या नियमांची तिची वही माझ्या कपाटात आहे. पुढच्या वर्षी जो हा विषय घेईल त्याच्या हातात ती आधी द्यायची, तक्ता नंतर.